आत्याचा लघुग्रह आणि इतर

वाय वर्गात दुसरा लघुग्रह सापडला, वर्गीकरण समितीने तो मान्य केला, आणि आत्याने साखरेच्या डब्यावर पुन्हा 'साखर' अशी चिठ्ठी चिकटवली.

यातलं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही, कुणी वाचलेलं नाही, आणि वाचलं असेल तर त्याने तसं तोंडावर दिसू देऊ नये. गोष्ट सुरू होते तेव्हा वाय वर्गात एकच लघुग्रह आहे, समितीला तो एकही जड झालाय, आणि साखरेच्या डब्यावर 'इतर' असं लिहिलंय. मिठाच्या डब्यावरही 'इतर'. पिठाच्या, चहाच्या आणि खिळ्यांच्या डब्यावरही 'इतर'. म्हणून तर त्या सोमवारी सकाळी धाकटीने चहाचा पहिला घोट घेतला आणि तो गिळावा की बेसिनमध्ये टाकावा या विचारात गाल फुगवून बसून राहिली.

"खारट झालाय," शेवटी गिळून ती म्हणाली.

"झाला असेल," आत्या पेपरमधून मान वर न काढता म्हणाली. "इतरमधलं काहीतरी पडलं असेल."

"आत्या, डब्यांचा काय दोष?"

"मी कुठे दोष दिलाय? सोय केलीय. सगळं एका नावाखाली. समितीला जे जमतं ते मला जमू नये?"

धाकटी म्हणजे या घरातली भाची. तिच्याशिवाय घरात आता कुणी भावंड उरलं नव्हतं, थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, तरी घरात आणि घराबाहेरही सगळे तिला धाकटीच म्हणत. वेधशाळेत नोकरीला लागली तेव्हा तिथेही ते नाव तिच्याआधी जाऊन बसलं होतं, कारण आत्या तिथूनच निवृत्त झाली होती आणि निवृत्त होताना थर्मास, चष्मा आणि भाचीचं टोपणनाव यांपैकी फक्त पहिल्या दोन गोष्टी घेऊन आली होती.

आता तो लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत लाखो दगड फिरत असतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. जवळ जाऊन कुणाला टकटक करता येत नाही, म्हणून त्यांच्यावर पडून परत आलेला सूर्याचा उजेड दुर्बिणीने पकडायचा, रंगारंगांत फाकवायचा आणि कुठला रंग किती परत आला याचा आलेख काढायचा. कुणाचा आलेख सपाट, कुणाचा चढता, कुणाच्या आलेखात बारीक खळगा. त्यावरून त्यांचे वर्ग पाडायचे आणि दर वर्गाला एक अक्षर द्यायचं. काही वर्गांत इतके दगड आहेत की त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि एक वर्ग असा, वाय, की त्यात एकच. आत्या बत्तीस वर्षांची असताना तिने एका लघुग्रहाचा आलेख काढला आणि त्यात मधोमध एवढा रुंद, गोल, खोल खड्डा निघाला, की तिच्या तोंडून पहिला शास्त्रीय शब्द बाहेर पडला तो 'कढई'. दुसऱ्या कुठल्याही दगडाला तशी कढई नव्हती. अनेक वर्षं अनेकांनी शोधली. मिळाली नाही. जगातल्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत वाय वर्गाच्या वाट्याला एक ओळ आली होती आणि त्या ओळीतही 'बहुधा' हा शब्द होता.

आणि आता समितीने नवा नियम केला होता: ज्या वर्गात किमान दोन सदस्य नाहीत तो वर्ग रद्द, त्याचं अक्षर परत, आणि सदस्याची रवानगी 'इतर' या गटात. बैठक गुरुवारी. पाठ्यपुस्तकातली ती एक ओळही जाणार होती, 'बहुधा'सकट.

बातमी आली त्या दिवशी आत्या शांतपणे म्हणाली होती, "जाऊ दे गं. दगड आहे तो. त्याला काय फरक पडतोय." आणि मग चिठ्ठ्या, कात्री नि डिंक घेऊन स्वयंपाकघरात गेली. रविवारपर्यंत पुस्तकांचं कपाट, चपलांचा रॅक आणि औषधांचा खोका 'इतर' झाले होते. दारावरची पाटी उतरवून तिथेही 'इतर' लावल्यावर कुरिअरवाला जिन्यातूनच ओरडला होता, "इतर आहेत का घरात?" आणि आत्याने आतून ठणकावून 'आहोत' म्हणून सांगितलं होतं.

धाकटीला हसू यायचं, पण ते ओठांपर्यंत पोचायचं नाही. आत्याला रडताना तिने कधी बघितलं नव्हतं आणि बघण्याची इच्छाही नव्हती; पण हे डबे म्हणजे तेच होतं, एवढं तिला कळत होतं. शिवाय ती या धंद्यात पडली होती ती त्या कढईपायीच. लहानपणी इतर मुलींना खोडरबर वगैरे आवडायचं. हिच्या दप्तरात एक आलेख घडी घालून ठेवलेला असायचा.

"उद्या पहाटेची दुर्बीण मिळालीय मला," ती म्हणाली.

पेपर थोडा खाली आला.

"सध्या तो बऱ्यापैकी जवळ आहे. उजाडायच्या आधी थोडा वेळ दिसतो. त्या वेळेला दुर्बीण कुणालाच नको असते. मी ताजा आलेख घेते, आधीच्यापेक्षा स्पष्ट. तो समितीला दाखवून म्हणते, बघा, असा दगड दुसरा नाही."

"हेच तर त्यांचं म्हणणं आहे," आत्या म्हणाली. "दुसरा नाही."

पेपर पुन्हा वर गेला. पण तो उलटा धरलेला होता, हे दोघींनीही एकमेकींना सांगितलं नाही.

*

वेधशाळेच्या नियंत्रणकक्षात तीन खुर्च्या होत्या आणि चाकं दोन खुर्च्यांना पुरतील इतकीच. हीटर एका कुशीवर झोपवला तरच चालायचा. पहाटे तिथे धाकटी होती आणि दुर्बीण चालवणारे झालंच होते.

झालंच हे त्यांचं खरं नाव नव्हतं. पण दुर्बीण फिरवा म्हटलं की "झालंच", घुमटाचं दार उघडा म्हटलं की "झालंच", रजेचा अर्ज कधी देणार म्हटलं की "झालंच". त्यामुळे संचालकसुद्धा त्यांची ओळख करून देताना हेच नाव सांगत आणि पाहुण्यांना ते आडनाव वाटे.

"दादा, लघुग्रह धरा," धाकटी म्हणाली.

"झालंच."

लघुग्रह धरण्याची इथली पद्धत जुनी होती. दुर्बीण साधारण त्या जागी न्यायची, आकाशाचा एक फोटो काढायचा, थोड्या वेळाने दुसरा, आणि दोन्ही पडद्यावर आलटून पालटून दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका टुणकन सरकतो तो लघुग्रह. त्यावर टिचकी मारायची. संगणकाला आकडे देऊन नेमकी जागाही काढता आली असती, पण झालंचदादांच्या मते आकडे पाठ करायला असतात आणि डोळे बघायला.

"हा बघ, सरकला. लबाड." टिचकी. "घेतला."

यंत्राच्या बारीक फटीतून त्या ठिपक्याचा उजेड आत गेला. मग तिने सावत्र सूर्याचा वर्णपट घेतला. सावत्र सूर्य म्हणजे खऱ्या सूर्यासारखाच दिसणारा एक दूरचा तारा. लघुग्रहाच्या उजेडातून सूर्याचा स्वभाव वजा केल्याशिवाय दगडाचा स्वभाव कळत नाही, आणि खऱ्या सूर्याकडे ही दुर्बीण वळवली तर दुर्बीण, कक्ष आणि झालंचदादा असं सगळंच वजा होईल. म्हणून या ताऱ्याच्या उजेडाने भागायचं. हा भागाकार धाकटी डोळे मिटून करायची. त्या दिवशी मात्र तिने डोळे उघडे ठेवून केला, आणि पडद्यावर हळूहळू ती उमटली. रुंद, गोल, खोल.

"कढई!"

"झालंच की मग," दादा म्हणाले आणि चहा ओतायला उठले.

उजेड जरा कमी आला होता. जरा म्हणजे पाच-सहा पट. धाकटीने ते बघितलं, पातळ ढग असेल म्हणून सोडून दिलं, आणि शिवाय म्हणाली, "आरसा धुवायला झालाय, दादा."

"परवाच धुतलाय," दादा दुखावून म्हणाले. "मी स्वतः. जेवढा मी माझा चेहरा धूत नाही तेवढा."

*

आत्याने आलेख नाकाला लावून बघितला. बराच वेळ. मग म्हणाली, "याला काय झालं?"

"कुठे काय? आहे की कढई."

"कढई आहे गं. पण रेघ बघ किती थरथरतेय. आजारी माणसाची सही वाटतेय. माझा लघुग्रह एवढा मंद नाही."

"ढग होता, आत्या."

"ढगाच्या नावावर काय वाट्टेल ते खपवू नकोस. मी त्याला ओळखते." तिने आलेख टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. आत्या रागावली की असंच करायची.

धाकटीने तरीही तो समितीच्या सचिवांना पाठवला. दुसरं हातात होतंच काय? त्याच संध्याकाळी सचिवांचा व्हिडिओ कॉल आला. सचिव म्हणजे एके काळी आत्याचे विद्यार्थी. आता केस पिकले होते, मागे भिंतीवर चार मानपत्रं होती, पण आत्या कॅमेऱ्यात दिसताच ते खुर्चीत आपोआप सरळ झाले.

"मॅडम, कशा आहात?"

"इतर," आत्या म्हणाली. "बोल."

सचिवांनी घसा साफ केला. "तुमच्या भाचीने पाठवलेलं निरीक्षण मी बारकाईने तपासलं. वाईट वाटतं, पण आम्हाला ते ग्राह्य धरता येणार नाही."

धाकटी कॅमेऱ्याजवळ सरकली. "का?"

"उजेड सहापट कमी आहे. तेवढ्यावर थांबलो नाही. तुमच्या सोबतच्या फोटोवरून मी जागाही मोजली. मॅडमचा लघुग्रह त्या वेळी थोडा डावीकडे हवा होता. तुम्ही ज्याच्यावर टिचकी मारलीत, तो मॅडमचा लघुग्रहच नाही. भलत्याच दगडाचं निरीक्षण आहे हे."

धाकटीचा चेहरा पडला. एवढी खटपट, एवढी थंडी, आणि भलताच दगड. झालंचदादांचं तोंड कशात बुडवावं याचा ती विचार करू लागली. आणि तो विचार अर्ध्यावर असताना तिच्या डोक्यात काहीतरी खटकन वाजलं. भलताच दगड. पण कढई तर... तिने तोंड उघडलं, आणि टेबलाखाली आत्याने तिच्या पायावर असा पाय दिला की ते पुन्हा मिटलं.

"मला ऐकू कमी येतं रे हल्ली," आत्या म्हणाली. तिला शेजारच्या घरातली भांडणं ऐकू यायची. "पुन्हा सांग बरं. हा लघुग्रह माझा नाही?"

"नाही, मॅडम."

"नक्की?"

"शंकाच नाही. तीन वेळा मोजलंय मी."

"लेखी देशील?"

"अहवालात घातलंसुद्धा! सही-शिक्क्यासह. 'सदर निरीक्षण वाय वर्गातील ज्ञात लघुग्रहाचे नसून अन्य लघुग्रहाचे आहे.'" सचिवांना स्वतःचं वाक्य आवडलं होतं, हे दिसत होतं.

"छान वाक्य आहे," आत्या म्हणाली. "आता त्या अन्य लघुग्रहाचा आलेख समोर धर. धरलास? मधोमध काय दिसतंय?"

"मधोमध... खोलगट भाग आहे."

"त्याला आपण काय म्हणायचो?"

"कढई."

"शाब्बास. मग अन्य लघुग्रहाला माझी कढई कुठून आली?"

पडद्यावरचे सचिव हलेनासे झाले. धाकटीला आधी नेट गेलं असं वाटलं. पण मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा काटा चालू होता.

"हे... हे मी असं बघितलं नव्हतं," सचिव शेवटी म्हणाले.

"तुला तेव्हाही दिलेलंच गणित दिसायचं."

"पण मॅडम, थांबा, थांबा. कढई तुमच्या त्या सूर्यासारख्या संदर्भताऱ्यातली असू शकते. आज पहाटे त्याच्यात काही बिघडलं असेल, तर ज्याला भागाल त्याला कढई येईल. मला भागलंत तर मलाही येईल."

"तुला नाही येणार," आत्या म्हणाली, "पण मुद्दा बरोबर आहे." आणि ती खरंच खूश झाली, कारण मुद्दा बरोबर होता. "मग उद्या पहाटे मोठा आणि छोटा दोन्ही घेतो. शिवाय एक साधा, सपाट आलेखवाला दगड घेतो. त्यालाही कढई आली तर सूर्य सावत्र आणि आम्ही खोटे. नाही आली तर परवा बैठकीत तू तुझा अहवाल मोठ्याने वाचायचा."

कॉल बंद झाला.

"पाय काढ," धाकटी म्हणाली.

*

आता मोठा लघुग्रह त्या फोटोत होता कुठे, हा प्रश्न राहिला. धाकटीने दोन्ही फोटो मोठे करून बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. मोठा होता. अगदी मधोमध होता. फक्त त्या पहाटे तो नेमका एका ताऱ्यासमोरून चालला होता, दोघांचा मिळून एकच फुगीर ठिपका झाला होता, आणि तो हलतोय हे कळणं शक्य नव्हतं. हलताना दिसला तो शेजारचा बारका. यादीत त्याचा नंबर होता, पण आजवर कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. सगळे मोठ्यालाच विचारायचे. आत्याच्या वेळच्या यंत्रांना तर तो दिसलाच नसता.

तिने झालंचदादांना फोन लावला.

"दादा, आज आपण भलताच धरला."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. मग, "म्हणजे चुकलं?"

"चुकलं."

"फार?"

"एक अख्खा लघुग्रह."

"अरेरे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज बसला. "मग आता गं?"

"आता उद्या तीच चूक मुद्दाम करायची. आणि सोबत मोठाही घ्यायचा. तो ताऱ्यावरून सरकलाय, मोकळा दिसेल. फट तिरकी वळवून दोघांना एकाच वेळी आत घेता येईल का?"

आयुष्यात पहिल्यांदाच दादा 'झालंच' म्हणाले नाहीत.

"बघावं लागेल," ते म्हणाले.

धाकटीच्या अंगावर काटा आला.

*

बुधवारी पहाटे आत्या आली. न विचारता, न सांगता, कोट चढवून, थर्मास काखेत मारून गाडीत पुढच्या सीटवर बसून राहिली होती. नियंत्रणकक्षात तिने तिन्ही खुर्च्या ढकलून बघितल्या, बिनचाकाची स्वतःसाठी निवडली आणि म्हणाली, "ही माझी होती. चाकं कुणी काढली?"

"निवृत्त झाली तीही," दादा म्हणाले.

बाहेर पूर्वेला ढग होता. फार मोठा नाही. पण तिघांना जे हवं होतं नेमकं त्यावरच बसलेला. तो जायला तयार नव्हता आणि आकाश उजळायला थांबणार नव्हतं. दादा पडद्याकडे बघत होते, धाकटी दादांकडे आणि आत्या ढगाकडे. नोकरीत असताना आत्या ढगांना शिव्या द्यायची, असं वेधशाळेत सांगतात. त्या दिवशी तिने एकही शिवी दिली नाही. हातातला थर्मास तेवढा घट्ट धरून बसली. धाकटीने ते हात बघितले आणि समिती, नियम, अक्षर हे सगळं बाजूला राहून तिच्या मनात एवढंच आलं, की या बाईला आज रिकाम्या हाताने घरी न्यायचं नाही.

"धाकटे," आत्या म्हणाली, "चहा घे. गोड आहे. चाखून भरलाय."

आणि दोघींचं लक्ष कपात असताना ढग सरकला.

"आले!" दादा ओरडले. "दोन्ही! दोन्ही सरकतायत, मोठा नि पोरगं!"

त्यांनी फट तिरकी केली. एकदा जास्त झाली, एकदा कमी झाली, तिसऱ्यांदा दोन्ही ठिपके तिच्यात बसले. पडद्यावर दोन रेघा उमटू लागल्या, एक जाड, एक बारीक. मग साधा दगड. मग सावत्र सूर्य; तो बिचारा तेजस्वी, उजाडत असतानाही दिसतो, म्हणून त्याला शेवटचा नंबर. तो घेऊन होईतो खिडकीबाहेरची झाडं हिरवी दिसायला लागली होती.

धाकटीने भागाकार केला. साधा दगड आधी.

"सपाट," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ताटासारखा. सूर्य चोख आहे."

मग मोठा. कढई. त्यात काय नवल. मग बारका.

कढई.

दोन्ही आलेख तिने एकावर एक ठेवले. हीटर कुशीवर पडून घोरत होता.

आत्या पडद्याजवळ गेली. मोठ्याकडे तिने बघितलंच नाही, त्याची ओळख जुनी होती. बारक्याच्या रेघेवर तिने बोट ठेवलं आणि खड्ड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"याची जरा जास्त खोल आहे," ती म्हणाली.

"अं... हो. थोडी."

"लहान आहे ना. मुलं जरा वाढवूनच सांगतात." मग चष्मा काढून पुसला, आणि काच कोरडी झाल्यावरही पुसत राहिली. "इतकी वर्षं शेजारीच होता गं हा. आणि मी जगभर विचारत फिरले."

दादांनी खाकरून घसा मोकळा केला. "मॅडम, मग... झालं?"

"झालंच," आत्या म्हणाली.

*

गुरुवारच्या बैठकीत सचिवांनी स्वतःचा अहवाल मोठ्याने वाचला. वाचताना त्यांचे कान लाल झाले, पण आवाज स्पष्ट होता. माणूस मुळात वाईट नव्हता. मग एका सदस्याने शेवटचा अडसर घातला. दोन्ही दगडांच्या वाटा जवळपास सारख्या आहेत. म्हणजे कधी काळी हा एकच दगड होता आणि गिरक्या घेता घेता तुटला. एकाच दगडाचे दोन तुकडे दोन सदस्य कसे धरायचे? ते तर सख्खे!

"नात्यातला चालणार नाही, असं नियमात कुठे आहे?" आत्याने पडद्यावरून विचारलं.

समितीने नियम चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. नात्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तसं असतं तर समितीतल्याच दोघांना उठावं लागलं असतं. वाय वर्ग राहिला. त्याचं अक्षरही राहिलं. पुढच्या आवृत्तीत त्याच्या वाट्याला दोन ओळी येणार आहेत आणि 'बहुधा' जाणार आहे.

आता ते सुरुवातीचं वाक्य वाचायला हरकत नाही. साखर पुन्हा साखर झाली. पीठ पीठ झालं, खिळे खिळे झाले, पाटी दारावर परत गेली. मिठाचा डबा मात्र आत्याने 'इतर'च ठेवला. म्हणाली, एकाने तरी तो वर्ग सांभाळायला हवा.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर धाकटी टेबलावर कक्षांचे आकडे पसरून बसली. एक दगड तुटून दोन झाले, तर आणखीही तुकडे झाले असतील, आणि ते याच वाटेने मागेपुढे चाललेले असतील. तिने पंधरा-वीस बारके निवडले, ज्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. शनिवारची पहाट तिने आधीच मागून घेतली होती. दादा म्हणाले होते, झालंच.

"आणि हे दोघे?" आत्याने भांडी पुसता पुसता विचारलं. "पुन्हा असे एकत्र कधी दिसतील? एका फटीत?"

धाकटीने आकडे बघितले. पुन्हा बघितले. "हळूहळू लांब जातायत ते, आत्या. आपल्याला शेजारी शेजारी दिसायचे तर... अकरा वर्षांनी."

आत्याने ताट पुसून जागेवर ठेवलं. शहात्तरात अकरा मिळवायला तिला वेळ लागत नाही. पण तिने वेळ घेतला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कागद दे."

आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून, जुन्या वळणदार अक्षरात, तिने एकटाकी लिहून काढलं:

'मा. सचिव, वर्गीकरण समिती, यांस.

विषय: वाय वर्गातील लघुग्रहांची पुढील भेट अलीकडे ओढण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर वर्गातील दोन्ही सदस्य पुन्हा एकत्र दिसण्यास अकरा वर्षांचा अवधी असल्याचे अर्जदाराच्या भाचीने कळविले आहे. हा अवधी अर्जदारास गैरसोयीचा आहे. तरी आपल्या अधिकारात सदर लघुग्रहांना योग्य त्या सूचना देऊन ही भेट येत्या बुधवारी, सूर्योदयापूर्वी ठेवण्यात यावी. ते शक्य नसल्यास अर्जदारास अकरा वर्षांची मुदतवाढ मंजूर करावी. दोन्हीपैकी काहीही चालेल. ढगांना प्रत रवाना करावी. चहाची व्यवस्था अर्जदार स्वतः करील.

कळावे.'